भुऱ्याची तपासणी

आंधळगाव, ता. मोहाडी
१४ डिसेंबर २००३

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे मजेत, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. धान घरात आलं. आईचा गुडघा तसाच. फोनच केला असता, पण एसटीडीवर बाबा शेजारीच उभे राहतात.

तुझ्या भुऱ्याचं लिहायला बसले. वर्षाचा झाला नि त्याला खालच्या बाजूने पिवळं येऊ लागलं. दिवसभर चाटत बसायचा. मला तर कुणाला सांगायचीही लाज. पण बाबाच म्हणाले, "मोहाडीले नेतो त्याले. तू चाल संगं, दोरी धर."

कुत्र्यासाठी अर्धा दिवस मोडणारे बाबा तू कधी पाहिलेस का?

गुरांच्या डॉक्टरांनी ओट्यावरच तपासलं. वयात आलेल्या कुत्र्यांना होतं असं, म्हणाले. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, बाकी सगळं जागच्या जागी आहे. मी उठले. बाबा उठेनात.

"अन् डाक्टरसाहेब, थेंब थेंब होत असन तं? जोर लावा लागत असन तं? कधीमधी लाल?"

"याला होतं असं?"

"होते कधी कधी."

तेवढ्यात भुऱ्याने तंगडी वर केली आणि डॉक्टरांच्या मोटारसायकलवर अशी मोकळी धार सोडली की मीच ओशाळले. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. हळूच म्हणाले, "काका, ज्याला असं होत असेल त्याने भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवावं. उशीर करू नये."

"हो जी," बाबा म्हणाले. दोरीत गुंता नव्हता, तरी मी तो सोडवत राहिले.

घरी येऊन बाबा आईला म्हणाले, "कुत्र्याले काही नाही झालं." ते खरंच आहे. भुऱ्या केव्हाच बरा झाला. तरी बाबा रोज मिठाचं पाणी करतात, मी दोरी धरते.

मला कुठेच चैन पडत नाही. हापशीवर ते आपले कपडे आपणच धुतात, आईला हात लावू देत नाहीत. बांधाकडे गेले की लवकर परतत नाहीत. मी दारात उभी राहते आणि ते दिसले की आत पळते. मुलीने बापाला हे कसं विचारायचं? मला भीती वाटते, दादा.

तू ये. बाबांना काही विचारू नकोस. भुऱ्याला भंडाऱ्याला दाखवायचंय, एवढंच म्हण. ते लगेच चपला घालतील. तिथे तू त्यांच्यासोबत आत जा.

भुऱ्याला घेऊन मी बाहेर थांबेन.

तुझी
रश्मी