दुसरी भाकरी

सप्तापूर, धारवाड
मार्च १९८३

अण्णा,

नमस्कार राहू दे. काल तुझं पत्र आलं, आणि पुन्हा भाकरीच! इराणात शिकवायला होतास तेव्हा तापल्या खड्यांवर भाजलेला नान, आता इथिओपियात आंबवलेल्या पिठाची परातीएवढी इंजेरा. आई कशी आहे, तू कधी येणार, याबद्दल एक अक्षर नाही.

पत्र वाचून दाखवलं की आई म्हणते, "विमल, तसली एक करून बघ की. पद्मू काय खातो ते तरी कळू दे." केली. तव्याला चिकटली. आई डोळे पुसत म्हणाली, "लेकराचे हाल बघ माझ्या." आणि माझे कुणी बघायचे?

आपल्याकडे पहिली भाकरी गाईची. दुसरी आई रोज तुझ्या नावानं काढून ठेवायला लावते. "अचानक दारात उभा राहिला तर?" तू येत नाहीस. अन्न टाकायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती शिळी मी खाते, आणि माझ्यासाठी वेगळी थापत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकायच्या पत्रात 'इकडे सर्व क्षेम' असेल. पण अण्णा, एकदा ये आणि तुझी भाकरी तू खा. सहा वर्षं झाली, तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात पडलेली नाही.

तुझ्या वाटणीचं खाणारी,
विमल