दोन पलंगांमधली फायनल

७ जानेवारी, मंगळवार
शेजारच्या पलंगावर नवा माणूस. रुपरावजी. कळमेश्वरचे. डायलिसिसचे चारही तास फोनवर काहीतरी पाहत होते. कोणीतरी काठीनं रंगीत बॉल ढकलतंय आणि हे इकडे "वा, वा" करतायत! आवाज मोठा. मी दोनदा खोकले. मग सरळ सांगितलं, आवाज कमी करा, डोकं दुखतं. तर त्यांनी फोनच माझ्याकडे वळवला.
"ऐकू नका मॅडम, पाहा. पूल हाय हा. आपल्या इथं पोट्टे टाइमपास करते, तिकडं लोकायचं पोट चालते याच्यावर."
यांचं स्वतःचंही त्यावरच चालतं. कळमेश्वरला हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर यांचं पूल पार्लर आहे, दोन टेबलांचं. एमआयडीसीतली पोरं शिफ्ट सुटली की येतात म्हणे.
शाळेत चौथीच्या वर्गाचा गोंगाट, इथे हा. पण प्रेमानंदनं आज सुई अशी लावली की कळलंसुद्धा नाही. आमच्या या टेक्निशियनचं भलं होवो.

११ जानेवारी, शनिवार
नियम कळला. टेबलावर नऊ बॉल. जो सगळ्यात लहान नंबरचा असेल, काठीनं ढकललेला पांढरा बॉल आधी त्यालाच लागला पाहिजे. नऊ नंबर ज्यानं टेबलाच्या खिशात घातला, डाव त्याचा. बस. माझ्या चौथीतल्या पोरांनाही जमेल.
रुपरावजींचा लाडका यानेक, पोलंडचा, ताडमाड उंच. हे त्याला लंबू म्हणतात. मी लगेच दुसरा निवडला — रोमी, फिलिपिन्सचा, ठेंगणा, बॉल चुकला तरी हसणारा. का निवडला? तर रुपरावजी म्हणाले, "त्याच्यात दम नाई." म्हटलं, मग हाच माझा.
आज घड्याळाकडे बघितलंच नाही. या खोलीत येऊन दोन वर्षं होतील, असं पहिल्यांदा झालं.

१६ जानेवारी, गुरुवार
डॉक्टर स्पष्ट बोलले. सुया लावायचा हा हात आता फार साथ देणार नाही. किडनीचं ठरवा.
काय ठरवा? माझा नवरा अश्विन द्यायला एका पायावर तयार आहे. त्याचा रक्तगट बी, माझा ए. चालत नाही. आई-बाबा राहिले नाहीत. भावाला शुगर. राहिली उन्नती.
"माझा ए आहे आई. विषय संपला."
विषय संपलेला नाही. बावीस वर्षांची पोर, आत्ता कुठे नोकरीला लागली. मी तिची घेणार नाही. नाही म्हणजे नाही.
रुपरावजींना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या घरीबी तेच हाय. भागीरथा म्हन्ते माही घ्या. पन तिची मले जुळत नाई. दुसरं कोनी नाई." त्यांनी एक जुनी मॅच लावली. ती पाहिली.

२८ जानेवारी, मंगळवार
आज हसावं की रडावं!
लंबू आणि रोमी दोघंही जागतिक स्पर्धेच्या फायनलला पोचले. रुपरावजींना कोण आनंद! पलंगावरूनच बायकोला फोन, तोही सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा — "वं भागीरथा, मॅच जमली! शनिवारी!"
आमच्या वॉर्डात 'मॅच'चा अर्थ एकच, किडनी जुळली. समोरच्या आजींनी हात जोडले. कोणाच्या तरी नातेवाइकानं टाळ्या वाजवल्या. रुपरावजी आपले सगळ्यांना सांगतायत, "लय मोठी मॅच हाय, जगातले दोघं नंबरी!" आणि लोक आणखीच गोंधळलेले.
खरी गंमत पुढे. भागीरथावहिनी इथे जवळच, रामदासपेठेत बहिणीकडे थांबल्या होत्या. अर्ध्या तासात हजर. हातात पेढ्यांचा डबा, पदर नीट नाही, धापा टाकत. कळलं तेव्हा मधल्या स्टुलावर बसूनच राहिल्या.
"मले वाटलं, तुमाले देवानं कोनी देल्लं."
रुपरावजींचं तोंड एवढंसं झालं. मीही भिंतीकडे पाहिलं. मग वहिनीच उठल्या, "आनले तं वाटते," म्हणाल्या आणि पलंगापलंगाशी जाऊन पेढे दिले. मला अर्धाच. पण तोंडात धरून ठेवला, विरघळेपर्यंत. किती बरं वाटलं!

१ फेब्रुवारी, शनिवार
हात ठणकतोय. पण आजचं लिहिल्याशिवाय राहवणार नाही.
मॅच मनिलाला, आपल्याकडे दुपार. प्रेमानंदनं फोन सलाइनच्या स्टँडला चिकटपट्टीनं बांधून दिला, दोन पलंगांच्या बरोबर मधे. अश्विन सुट्टी काढून आला होता. वहिनीही होत्या. दोघांनाही खेळात काडीचा रस नाही. पाच मिनिटं थांबले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, बसू देत चिवडा खात.
अकरा डाव आधी जिंकेल तो विजेता. लंबूनं सुरुवातीलाच असा सपाटा लावला की माझा रोमी खुर्चीवर बसून नुसता बघतोय. काठी मांडीवर आडवी, चेहऱ्यावर तेच हसू.
रुपरावजी म्हणाले, "आता तुमचा रोमी घरी जाते पाहा."
"पाणी पिऊन येईल तो."
पाणी हा शब्द आम्ही दोघं एरवी जपून काढतो. दिवसाला दोन ग्लासांची माणसं आम्ही! दोघंही खो-खो हसलो.
आणि आला की रोमी! लंबूचा एक सोपा बॉल खिशाच्या तोंडाशी अडकला. बस, तिथून. एकेक डाव भरून काढला त्यानं. घाई नाही, मिरवणं नाही. बाई चूल सारवते तसं शांतपणे टेबल साफ करायचा आणि परत जागेवर जाऊन बसायचा. दहा-दहा झाले तेव्हा मी सुयांचा हात विसरून वर केला. मशीन बोंबलली. प्रेमानंद धावत आला.
"ताई, हात सरळ ठेवा. रोमी तिकडं हाय, मशीन इकडं हाय."
शेवटचा डाव. आता जो नऊ नंबर घालेल तो जगातला पहिला. रोमी खेळत होता. पाच नंबरसाठी पार टेबलावर आडवा झाला, एक पाय हवेत. बॉल गेला खिशात. आता उरले चारच, आणि चारही सोपे. रुपरावजींनी डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात जिंकलेच होते.
तर हा पठ्ठ्या सरळ उभा राहिला आणि हात वर केला.
पंच पलीकडे होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. लंबू खुर्चीवर खाली मान घालून. आम्हालाही काही दिसलं नाही. रोमीनं आपल्या शर्टाची बाही पंचांना दाखवली, मग सात नंबरचा बॉल दाखवला. पांढरा बॉल उचलला आणि जाऊन लंबूच्या तळहातावर ठेवला.
"काय झालं?" मी विचारलं.
"फाउल. बाही लागली म्हन्ते बॉलले." रुपरावजी म्हणाले. "आता लंबू पांढरा कुठंबी ठेवू शकते. देऊन टाकली गा यानं मॅच."
"मग काहून सांगितलं त्यानं?" — मीही नागपुरीत आले.
"लागली म्हनून."
लंबूनं बॉल लगेच घेतला नाही. काहीतरी विचारलं. रोमीनं मान हलवली. मग लंबू खेळला. सहा, सात, आठ, नऊ. नऊ नंबर आत गेल्यावर त्यानं उडी मारली नाही की मूठ आवळली नाही. काठी टेबलावर ठेवली आणि रोमीला मिठी मारली. उंच माणूस वाकलेला, ठेंगणा त्याच्या पाठीवर थोपटतोय. जिंकलं कोण, हरलं कोण, नवख्याला सांगता आलं नसतं.
माझा माणूस हरला आणि मला भरून आलं होतं. वाईट वाटून नाही. फार बरं वाटून.
रुपरावजींचा माणूस जिंकला, पण "वा, वा" नाही. मग म्हणाले, "मॅडम, माह्या पार्लरात रोज भांडनं होते. लागला, नाई लागला. मी पोट्ट्यायले म्हन्तो, आईची शपथ घे. एकबी कबूल करत नाई." आणि चादरीच्या टोकानं डोळे पुसले. एसीमुळे पाणी येतं म्हणाले.
दोन वर्षं या खोलीत मी उपकारच मानते आहे. मशीनचे, सुईचे, प्रेमानंदचे. आज एका अशा माणसाचे मानले, ज्याला माझं नावही कधी कळणार नाही. आणि रुपरावजींचे, त्यांनी पहिल्या दिवशी आवाज कमी केला नाही म्हणून.
अश्विन शेवटी आत आला. कोण जिंकलं, विचारलं. मी सगळं रंगवून सांगितलं. ऐकलंच नाही त्यानं. डोळे भलतीकडेच. एवढी मॅच झाली आणि हा माणूस बाकावर!

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून तेच डोळ्यांपुढे. तो तळहात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
उन्नतीशी कडाक्याचं भांडण. ती म्हणाली, "तू माझ्या जागी असतीस तर दिली असतीस ना? मग मला का अडवतेस?" दुसऱ्यांच्या पोरांना वीस वर्षं उत्तरं शिकवते मी!
शेवटी कबूल झाले. मार्चअखेरपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर तिची.
अश्विनला म्हटलं, तू तरी समजाव तिला. तो म्हणाला, "थांब थोडं." कशाला थांबू? हल्ली फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतो. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या गॅलरीत दोन कुंड्या मावत नाहीत, तिथे उभं राहून एवढं काय बोलायचं असतं?

११ मार्च, मंगळवार
आज रक्ताच्या दोन नळ्या जास्त भरल्या. डॉक्टरांनी सही मागितली, किडनी जुळण्याची तपासणी म्हणाले. उन्नतीसाठीच असणार. केली सही. वाचलं नाही. रुपरावजींनीही कसलीतरी सही केली. त्यांनी विचारलं, "आज काय पाहाचं मॅडम?" म्हटलं, काही नको. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि नुसते सोबत बसून राहिले. हेही ऋणच.

२७ मार्च, गुरुवार
रुपरावजींचा रक्तगट बी. भागीरथावहिनींचा ए, म्हणजे आमच्या नेमकं उलट. हे मी आजवर विचारलंच नव्हतं! आम्ही लंबू-रोमीवरून भांडत होतो, तेव्हा बाहेरच्या बाकावर अश्विन आणि वहिनींनी हे जुळवून टाकलं होतं. रिपोर्ट येईपर्यंत आशा लावायची नाही, म्हणून आम्हाला पत्ता लागू दिला नाही. आज रिपोर्ट आले. अश्विनची किडनी रुपरावजींना. वहिनींची मला. परवानगी आली की चौघांचं ऑपरेशन एकाच दिवशी.
'अ' गट, 'ब' गट, योग्य जोड्या लावा — दर परीक्षेत हा प्रश्न मीच काढते.
उन्नती त्या दिवशी बाहेर बाकावर बसेल. नुसती बसेल.