चुलीपाशी लाल झेंडा

१२ जानेवारी, शुक्रवार

मियाभाईंनी आज हाटात पुन्हा तोंड उघडलं. इद्रिसच्या चहाच्या टपरीवर, भर गर्दीत, आमचे थोरले बंधू तोफाज्जल मेंबर गरजले — "जिल्ह्याबाहेर मुलगी देणार नाही! मेलो तरी नाही!"

मुलगी म्हणजे लाइजू, त्यांची एकुलती एक. जिल्ह्याबाहेर म्हणजे नदीपलीकडचं जमालपूर. आणि एवढ्या गर्जनेचं कारण म्हणजे तिथला हमीदुल. नावा बांधतो, लाइजूला आवडतो, आणि गेल्या पावसाळ्यातल्या शर्यतीत त्याने बांधलेली नाव आमच्या गाइबांधा जिल्ह्याच्या नावेपुढे गेली. जावई चोर असता तर एक वेळ चाललं असतं. जिंकणारा? छे!

"मांसात तांदळाचं पीठ कालवून खाणारी माणसं ती!" — जाता जाता जमालपूरच्या पिठालीचाही उद्धार झाला.

लाइजू अंगणात मिरच्या पसरत होती. आत्याला, म्हणजे मला, म्हणाली, "फुपू, अब्बांना सांग, मी विहिरीत उडी घेईन."

"या वाळूत विहीर कुठली गं? हातपंपात कशी मावशील?"

हसली. मग रडली.

१५ जानेवारी

मियाभाईंनी गाइबांधा शहरातलं स्थळ आणलं आहे. फरशांचं दुकान. फोटोत मुलगा आपल्याच फरशीकडे कौतुकाने बघतो आहे. दोन फेब्रुवारीला मुलगी बघायला येणार. लाइजूला कोणी विचारलं नाही. मला विचारलं — रसमंजरीची मिठाई किती मागवू म्हणून!

१७ जानेवारी

पूर्वेच्या पात्रात नवा चर, नदीने टाकलेलं वाळूचं बेट, वर आला. अजून नीट सुकलाही नाही; बगळ्यांच्या आधी दोन्ही काठांची माणसं तिथे जाऊन बसली. "आमचा!" "हट्, आमचा!" हमीदुलही होता. मियाभाई त्याच्यावर खेकसले, "पाय काढ! ही गाइबांध्याची वाळू आहे."

तो म्हणतो, "चाचा, पायाला चिकटली तेव्हा काही बोलली नाही."

सगळे हसले. आमचेही! मियाभाईंचं पित्त खवळलं. आता म्हणे सरकारी मोजणी आणतो, हद्द ठरवूनच सोडतो.

२१ जानेवारी

आम्मा सुपारी कातरता कातरता म्हणाली, "तोफा, मोजणी कशाला बोलावतोस? नदीने दिलं ते मुकाट घ्यावं."

"आम्मा, कायदा आपल्या बाजूला आहे."

"कायद्याने कधी पूर पाहिलाय का रे?"

मियाभाई उठून गेले. मग ती माझ्याशी बोलत बसली. आमचं जुनं गाव, पहिलं शालिकचर, नदीने खाल्लं त्या सालाबद्दल. पत्रे, चौकटी, चूल, कोंबड्या — सगळं नावेवर घातलं आणि नाव जिथे वाळूला लागली तिथे उतरलो. गावाचं नावही सोबत उतरवलं. मशीद, शाळा, शेजारी, शेजाऱ्यांशी असलेली भांडणं, सगळं जिथल्या तिथे मांडलं. कुठे उतरलो हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय? नदीच्या पलीकडे जमालपूर, अलीकडे आपण. शाळेत मी पोरांना हेच शिकवते.

२६ जानेवारी, शुक्रवार

सरकारी मोजणीचे आमीनसाहेब आले! बरोबर साखळी, दुर्बीण, जुना नकाशा आणि लाल झेंड्यांचा भारा. दोन्ही जिल्ह्यांची माणसं साक्षीला. मियाभाईंनी त्यांना आमच्याच ओसरीवर उतरवलं, कोंबडा कापला. साखळीचं एक टोक उद्या स्वतः धरणार म्हणाले.

लाइजूने वाढलं खरं, पण भातात मीठ दोनदा पडलं. मोजणी झाली की पाठोपाठ फरशीवाला येणार, हे तिला ठाऊक आहे. आमीनसाहेब बिचारे पाणी पीत पीत जेवले.

२७ जानेवारी

आज जे पाहिलं ते लिहिताना हात हसतो आहे.

मोजणी पश्चिमेच्या जुन्या खांबापासून निघाली. मियाभाई साखळी धरून पुढे, छाती काढून. अख्खं गाव पूर्वेला, नव्या चराकडे तोंड करून बसलेलं. झेंडे मिरच्यांच्या शेतातून आले, शाळेच्या पाठीमागून आले, आमच्या खुराड्याला वळसा घालून थेट अंगणात शिरले. शेवटचा झेंडा आमीनसाहेबांनी आमच्या चुलीच्या पश्चिमेला, हातभर अंतरावर रोवला आणि रुमालाने कपाळ पुसलं.

"झालं," म्हणाले. "इथे गाइबांधा संपला."

"आणि नदी?" मियाभाईंच्या हातात अजून साखळी. "हद्द नदीवर असते ना!"

"असायची. तेव्हा नदी इथून जायची, मेंबरसाहेब. ती पुढे सरकली, तुम्हीही सरकलात. हद्द आहे तिथेच आहे."

"म्हणजे माझं घर..."

"जमालपूरला."

पलीकडच्या लोकांत हमीदुल उभा होता. हसला नाही, शहाणा आहे. खाली बघून पायाची वाळू झाडत राहिला.

आम्मा तेवढ्यात चुलीकडे निघाली. झेंड्यापाशी थबकून विचारते, "तोफा, चहा कुठल्या जिल्ह्यातला घेतोस?"

२८ जानेवारी

मियाभाई हाटात गेले नाहीत. जेवले. झेंडा कोणी उपटला नाही. कोंबडी मात्र त्याखाली अंडं घालून गेली.

३१ जानेवारी

मियाभाई सकाळी एकटेच नाव घेऊन पलीकडे गेले. जमालपूरचा मेंबर कसा निवडतात, हे विचारायला असावं. संध्याकाळी आले ते खुशीत. दाढीला पीठ!

"काय खाल्लंत?"

"काही नाही गं. पिठाली. तशी वाईट नसते."

लाइजूने माझा हात दाबला. मी मियाभाईंना दाढी पुसायला फडकं दिलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

फरशीवाले आले. रसमंजरी खाल्ली. मियाभाईंनी हात जोडले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले — "माफ करा. जिल्ह्याबाहेर मुलगी द्यायची नाही, हा आमच्या घरचा शब्द आहे."