लेकरू सासूपाशी

१२ जानेवारी, रविवार
चंद्रपूरहून परत कुरखेड्याला, नोकरीच्या गावी. ब्रह्मपुरीत गाडी बदलली, वडशापर्यंत उभीच. शनिवारी शाळा सुटली की निघायचं, रविवारी दुपारी परत. लेक दिसते ती एवढीच. आज निघताना जुई बाहेरही आली नाही. सासूबाई म्हणाल्या, "टीव्ही पाहून राह्यली. जा तू, गाडी सुटन."
खोलीत कोंदट वास. डबा गारच खाल्ला.

१५ जानेवारी
शाळेनंतर ढिवर मोहल्ल्यात. तलावाच्या मासळीवर जगणाऱ्या बायकांच्या मुलाखती. पीएच.डी.चं चौथं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे. कमलाबाई जाळं दुरुस्त करत होत्या. मला पाहिलं की चहा ठेवतात. या गावात माझ्याशी शाळेपलीकडचं बोलणारं हे एकच माणूस. प्रश्न राहिले बाजूला, जुईबद्दलच बोलत बसलो.
"अकरा वर्साची झाली? मंग आता तिले माय लागते, मॅडम."
हे मुलाखतीत टाकता येणार नाही.

२० जाने.
गाईड मॅडमचा फोन. फेब्रुवारीअखेर सादरीकरण, त्याआधी प्रकरण हवं. "नोकरी सगळ्यांनाच असते हो." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
या शनिवारी चंद्रपूर रद्द. संदीपला कळवलं. "बरं," एवढंच म्हणाला. नवरा रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

२५ जाने., शनिवार
दुपारपासून लिहितेय. दोन पानं, तीही खोडली. शेजारी पाहुणे आलेत, हसण्याचे आवाज. जुईला फोन केला. "आई, होमवर्क करतेय. ठेवू?" आवाज जरा वेगळा. की मलाच वाटलं.

२८ जाने.
मोहल्ल्यात शुकशुकाट. काल बाया गाडी भरून तेलंगणात गेल्या, मिरची तोडायला. कमलाबाईसुद्धा. दरवर्षी जातात, माहीत होतं. पण सांगून जातील असं वाटलं होतं. त्यांची सासू अंगणात नातीला भरवत होती.
"सांगाले आली होती तुमच्या खोलीवर. दार वाजवलं म्हणे. तुमी उघडलंच नाई."
कानात इअरफोन होते. कमलाबाईंचीच मुलाखत ऐकत होते.
म्हातारी म्हणाली, "निरोप ठेवून गेली. मॅडमले सांगजा, आपलं सारखंच हाय. लेकरू सासूपाशी."
आज यापुढे काही…

३१ जाने.
मधल्या सुट्टीत संदीपचा फोन. जुईला पाळी आली. पहिली. गेल्या शनिवारी! आज सांगतोय.
"आईनं केलं सगळं. तुझं लिहिणं चालू होतं. म्हटलं, तुले काऊन टेन्शन द्याचं."
"तिला दे."
"ती नाई म्हणते."
पुढचा तास पाचवीवर. अपूर्णांक. काय शिकवलं, आठवत नाही.

१ फेब्रु., चंद्रपूर
दार जुईनंच उघडलं. उंच वाटली. जवळ घेतलं तर अंग चोरलं. "आजीनं सांगितलं सगळं. मला माहीत आहे." बॅगेतलं पॅडचं पाकीट बाहेर काढलंच नाही. तिच्या कपाटात सासूबाईंनी आधीच पाकिटं आणून ठेवली होती, नीट रचून.
स्वयंपाकघरात सासूबाईंना विचारलं, रडली का?
"तुझा फोन आला तवा सांगनार होती. मंग म्हणे, जाऊ दे, आई लिहून राह्यली असन."
त्या पोळ्या लाटत राहिल्या. मी शेकत राहिले. त्यांचा राग नाही आला. यायला हवा होता का?

२ फेब्रु.
संदीप स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी बदलीचं पाहू. तोवर नोकरी सोड असं नाई म्हणत मी. दुसरं म्हणून राह्यलो."
दुसरं म्हणजे पीएच.डी. नावही घेतलं नाही.
"अर्ध्यावर टाकू?"
"मले काय समजते त्यातलं. पोरगी गप गप राह्यते, एवढं दिसते."
खिडकीपाशी जागा मिळाली आज. मूल गाव येईपर्यंत रडले, मग झोप लागली.

५ फेब्रु.
परत मोहल्ल्यात. घरोघरी म्हाताऱ्या आणि लेकरं. माझ्या प्रकरणात तलाव आहे, जाळं आहे, बाजार आहे. या बाया लेकरं मागे टाकून जातात, त्याबद्दल एक ओळ नाही. ते लिहायचं तर त्या परतेपर्यंत थांबायला हवं. म्हणजे फेब्रुवारीतलं सादरीकरण गेलं. म्हणजे आणखी वर्ष. घरी हे कोणत्या तोंडानं सांगू.
आहे तसंच देऊन मोकळं व्हावं. किंवा सगळंच…

७ फेब्रु., शुक्रवार
गाईड मॅडमचा मेसेज: तारीख पक्की करू ना? उत्तर दिलं नाही. संदीपलाही नाही.
संध्याकाळी जुईचा फोन. स्वतःहून. जेवलीस का झालं, शाळा झाली. तिच्या मागे कुकरची शिट्टी.
"काही सांगायचंय का गं?"
"नाही. असंच."
मग तिनंच विचारलं, "उद्या येणार?"
"येते."
"लिहायचं नाहीये तुला?"
म्हटलं, "घेऊन येते तिकडेच."
मागे कुकरची आणखी एक शिट्टी. तिनं फोन ठेवला नाही.