टेंभुर्णीचा जावई

दादा,

काल टेंभुर्णीला जाऊन आले, तुमच्या व्याह्यांकडे. माझ्या सासरकडचे नव्हेत, झाडाच्या नात्यातले. परतूरहून जालना, जालन्याहून टेंभुर्णी, अशी एसटी बदलत मांडीवर अनारशांचा डबा घेऊन गेले आणि पंचवीस वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट त्यांना सांगून आले. सगळं ऐकून घेतल्यावर टेंभुर्णीकर बाबांनी शेवटी मला विचारलं, "डाक्टरला सांगितलं का हे?" मी म्हटलं, "बाबा, दादांना जाऊन बारा वर्षं झाली." तर म्हणाले, "ते ठावं हाय मला. सांगितलं का, ते इचारून राह्यलो." म्हणून आज तुमची लेक कागद घेऊन बसली आहे.

तुम्हाला सीताफळाचा नाद लागला तो परतूरच्या स्टेशनवर. बाया टोपल्या भरून सीताफळं आणायच्या, गाडी उशिरा यायची, आणि गाडी येईपर्यंत खालच्या थरातल्या फळांचा लगदा झालेला असायचा. एक्क्याऐंशी साली तुम्ही विहिरीची जमीन घेतलीत आणि घरी येऊन जाहीर केलंत, "दोन दिवसांत सडणं हा सीताफळाचा स्वभाव नाही, रोग आहे." आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग त्याला बी एक इंजेक्शन देऊन टाका." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खरंच विचार करत होतात. त्यानंतर दवाखान्यात पोटदुखीचा माणूस पोट धरून बसलेला असायचा आणि तुम्ही त्याच्या पिशवीतलं सीताफळ फोडून बिया मोजत असायचात. लोकही हुशार. डॉक्टरसाहेबांची मर्जी राखायची तर बांधावरचं चांगलं फळ आणायचं, हे पंचक्रोशीला कळलं होतं. बागेतल्या प्रत्येक झाडाचा तुम्ही केसपेपर काढलात. वय, उंची, तक्रार, उपचार. कलमं बांधायला ऑपरेशनचं पातं आणि चिकटपट्टी. कंपाउंडर म्हणायचा, चिकटपट्टी माणसांना कमी आणि झाडांना जास्त लागते.

विहिरीजवळचं झाड तुमचं लाडकं. फळ नारळाएवढं, गर भरपूर, बिया मोजक्या. पण उतरवलं की दुसऱ्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी मुंग्या. आणि त्याच सुमाराला टेंभुर्णीकर बाबा आले. त्यांची लेक परतूरला दिलेली, बाळंतपणात अडली होती. तुम्ही आणि नर्सबाईंनी रात्रभर खपून दोघं जीव वाचवलेत. चार दिवसांनी ते टोपलीभर सीताफळं घेऊन आले. ओबडधोबड, लिंबाहून थोडी मोठी, बियाच बिया. तुम्ही तोंडदेखलं एक घेतलंत आणि औषधांच्या फळीवर ठेवून विसरलात. सहाव्या दिवशी हाताला लागलं तर ते अजून घट्ट. तुम्ही दवाखान्याला कुलूप लावून त्याच दिवशी टेंभुर्णी गाठलीत, आणि लस ठेवायच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून त्या झाडाच्या काड्या घेऊन आलात. त्यांची कलमं बागेत जगली, फुलावर आली. आता विहिरीजवळच्या झाडाचं फूल आणि टेंभुर्णीचे पराग एवढीच सोयरीक जुळायची बाकी होती.

मी चौदा वर्षांची होते. त्याच उन्हाळ्यात दवाखान्यात तुम्ही मला थर्मामीटर लावायच्या कामाला घेतलं होतं. एका आजोबांचा ताप बघायचा मी कंटाळा केला आणि आदल्या दिवसाचाच आकडा कागदावर लिहून टाकला. तुम्ही त्यांच्या कपाळाला हात लावलात आणि ओळखलंत. ओरडला नाहीत, ते फार वाईट होतं. सगळ्या पेशंटसमोर मला त्या आजोबांची माफी मागायला लावलीत आणि म्हणालात, "पाहिलं असेल तर लिही. पाहिलं नसेल तर 'पाहिलं नाही' असं लिही. त्यात कमीपणा नाही. अंदाजानं लिहिण्यात आहे." मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे आईनं चोरून दिलं तेवढंच जेवले.

आणि पंधरा दिवसांत ती सकाळ आली. आदल्या संध्याकाळी आपण दोघांनी विहिरीजवळच्या झाडावर उद्या उमलतील अशी पाच फुलं हेरली होती. भुंगे-किडे शिरू नयेत म्हणून त्यांच्यावर आईनं जुन्या धोतराच्या शिवलेल्या पिशव्या चढवल्या. पहाटे तुम्ही टेंभुर्णीच्या कलमावरची फुलं झटकून पराग इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घेतलेत. चिमूटभर पिवळसर पीठ. आता एकेक पिशवी काढायची, माझ्या रंगपेटीतल्या ब्रशनं पराग आत फिरवायचे, लगेच पिशवी चढवायची, मग दुसरं फूल. तेवढ्यात साप चावलेला माणूस आला म्हणून निरोप आला. तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत, स्कूटरला किक मारलीत आणि जाता जाता तुमचं नेहमीचं ओरडलात, "तोंडाला रुमाल बांध." मी म्हटलं, "हो."

मी पाचही पिशव्या आधी काढून घेतल्या, काम जल्दी व्हावं म्हणून. मग बाटली उघडली, आणि एका क्षणात पराग उडून गेले. सगळे. बाटलीच्या बुडाशी डाग म्हणून उरला नाही. मी विहिरीच्या काठावर बसून किती वेळ रडले ते आठवत नाही, पण ऊन अंगावर आलं होतं. फुलं उघडी. त्यांच्यावर बारके काळे किडे खुशाल ये-जा करत होते. मग डोळे पुसले, पिशव्या चढवल्या, 'पराग टेंभुर्णीचे' अशा पाचही चिठ्ठ्या तुमच्या अक्षरातल्या नमुन्याप्रमाणे लिहून बांधल्या. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "पाचही झाली?" मी म्हटलं, "झाली." साप चावलेला माणूस वाचला होता, तुम्ही खुशीत होतात, आणि मला तुमची खुशी मोडवली नाही. खरं म्हणजे मला माफी मागायची भीती वाटली.

चार फुलं गळाली, एक धरलं. त्या फळाच्या बिया तुम्ही लेकराला न्हाऊ घालावं तशा धुतल्यात. पुढच्या वर्षी रोपं, त्यानंतर चार वर्षांनी फळं, आणि त्यातल्या एका झाडाचं फळ तुम्ही दवाखान्यातल्या फळीवर ठेवलंत. मी कॉलेजमधून दिवाळीला घरी आले होते. फळाचा ताप बघावा तशी तुम्ही रोज सकाळी त्याच्यावर बोटं ठेवायचात आणि तक्त्यात लिहायचात. तिसरा दिवस, घट्ट. चौथा, घट्ट. पाचव्या दिवशी आईनं नैवेद्याला मागितलं तर तुम्ही तिला दवाखान्यातून बाहेर काढलंत. सातव्या दिवशी ते हाताला जरासं दबलं. तुम्ही बाहेर ताटकळलेल्या सगळ्या पेशंटना आत बोलावलंत, फळ फोडलंत आणि ज्याला त्याला औषध द्यायच्या चमच्यानं एकेक घास दिलात. एक म्हातारी डोळे मिटून बराच वेळ तोंड हलवत राहिली आणि म्हणाली, "डाक्टर, बी कुठं गेली वं?" तुम्ही इतके हसलात की स्टेथोस्कोप गळ्यातून खाली पडला. तुम्हाला तसं हसताना मी आधीही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी त्या दिवशी सांगणार होते, दादा. देवाशपथ. पण त्या हसण्यावर पाणी ओतायचं कसं?

आणि मग तुम्ही टोपली घेऊन टेंभुर्णीला गेलात. "तुमचं झाड आमच्या झाडाचा नवरा. आपण व्याही झालो." तुम्ही थट्टेत बोललात, त्यांनी अगदी खरं मानलं. पहिला अधिक महिना आला तसा त्यांचा सांगावा, जावयाला अनारसे कुठं आहेत? आई आधी कपाळावर हात मारून घेत होती, मग तिलाही रंग चढला. दर अधिकात तेहतीस अनारसे टेंभुर्णीला, झाडाला एक दाखवायचा आणि बाकीचे बाबांनी खायचे. तिकडून आईला लुगडं, "व्याहीणबाईंना". तुम्ही प्रत्येक पाहुण्याला झाडापाशी नेऊन तासभर समजावायचात की गोडी आईची आणि टिकाऊपणा बापाचा. मी मागं उभी राहून मान हलवायची. तुम्ही गेलात, आई गेली, अनारसे मी करते. माझे आईसारखे जमत नाहीत, पण बाबांनी कधी नाव ठेवलं नाही.

गेल्या महिन्यात कृषी विद्यापीठातली एक मुलगी स्कूटीवर आली. गोड आहे, झाडाशी बोलते. तुमच्या झाडाची जात म्हणून रीतसर नोंद करायची म्हणते, तुमच्या नावानं. फॉर्म भरता भरता म्हणाली, "मादी झाड विहिरीजवळचं. नर झाड टेंभुर्णीचं, सरांच्या केसपेपरात आहेच. लिहू ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब." तिला वाटलं मला कागदपत्रांची भीती वाटते. मला भीती वाटत होती बाबांची. नव्वदीच्या माणसाच्या झाडाचं जावईपण हिरावून घ्यायचं, तेही असं कागदावर? पण तुमच्या नावाच्या फॉर्मवर अंदाजानं लिहायला हात उचलेना.

काल ओसरीवर बाजेशेजारी बसून मी आधी हवापाणी विचारलं, मग गुडघे विचारले. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालणार? सांगून टाकलं सगळं. बाटली, पराग, उघडी फुलं, किडे. बाबा कानामागं हात धरून ऐकत होते.

"म्हंजी मव्हं झाड जावई न्हाई?"

"माहीत नाही, बाबा. असेलही. किड्यानं पराग कुठून आणले ते मी पाहिलं नाही."

मला वाटलं, संपलं. त्यांनी डब्याकडं बघितलं.

"अन अनारसे?"

"अनारसे येतील. मी आहे तोवर येतील."

"मंग काई बिगडलं न्हाई," ते म्हणाले आणि आत सुनेला हाक मारली, "चहा टाक गं, व्याह्याची लेक आल्ती म्हनावं, सोयरीक मोडाया. मी न्हाई मोडू देल्ली." मग हसून हसून त्यांना खोकला लागला, आणि मला पाणी आणायला पळावं लागलं. ते पाणी प्यायले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, सांगितलं का?

आज सकाळी ती मुलगी येऊन फॉर्म घेऊन गेली. नर झाडाच्या रकान्यात मी लिहिलं, "पाहिलं नाही." ती म्हणाली, "मॅडम, 'अज्ञात' लिहितात." मी म्हटलं, आमच्या दवाखान्यात असंच लिहितात. हा कागद मी झाडाच्या केसपेपरात ठेवून देणार आहे, चिकटपट्टी लावून. तुमच्यापर्यंत पोचवायला दुसरा पत्ता माझ्याकडं नाही.

एक राहिलं. बाबांना आणि त्या मुलीला मी सांगितलं की वारा आला. दादा, त्या सकाळी पान हलत नव्हतं. ते पीठ कसं दिसतं म्हणून मी बाटली नाकाशी नेली आणि मला शिंक आली. रुमाल बांधला नव्हता.