हिवाळ्यातली पाहणी

आई, नाल्याकाठच्या चार बागा जोडायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं आहे. त्याच बागा, मुलुंडच्या, आपल्या वस्तीच्या मागच्या. मधल्या भिंती पाडायच्या आणि चारही बागांतून चालायची एकच वाट काढायची. दिवे, बाकं, म्हाताऱ्यांना धरायला कठडे, मुलांना सायकली फिरवायला जागा. नकाशे मी काढते. तू असतीस तर भांडुपच्या औषधकंपनीत तुझ्याबरोबर पॅकिंगला बसणाऱ्या सगळ्या बायकांना एव्हाना सांगून झालं असतं. आणि मला मात्र हे तुला सांगायला इतके महिने लागले, यावरूनच तू ओळखशील की कुठेतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या बागेच्या भिंतीला लागून तो पिंपळ अजून आहे, आणि त्याचा कट्टाही. आपल्या वस्तीत तेव्हा बुद्धविहार नव्हतं, म्हणून वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन कट्ट्यावरच व्हायचं. तू कंपनीतून येतेस, हातपाय धुतेस, पांढरी साडी नेसतेस आणि कुकर माझ्यावर सोपवून निघतेस. पिंपळाला ताडपत्री बांधलेली, पाण्यानं तिला पोट सुटलेलं, आणि वाचता वाचता तू मला खुणावतेस की काठीनं ते पाणी ढकल. एकदा तुझा घसा बसला म्हणून तू ग्रंथ माझ्या हातात दिलास. मी घाईघाईत वाचून मोकळी झाले. परतताना तू म्हणालीस, "कुठं आग लागली होती? मागं बसलेल्या म्हातारीला एक अक्षर कळलं नाही. कुणासाठी वाचत होतीस तू?" मी फुरंगटून बसले. आश्विन पौर्णिमेला तू मोठ्या पातेल्यात खीर केलीस, तेव्हा पहिली वाटी त्या म्हातारीला द्यायला मलाच पाठवलंस.

आमच्या कामात आधी पाहणी होते. कोण कुठे बसतं, काय करतं, ते आमची पोरं बागेत उभी राहून टिपतात. ही पाहणी जानेवारीत झाली. जानेवारीत कट्ट्यावर वाळकी पानं आणि झोपलेलं कुत्रं, दुसरं काय असणार? अहवालात आलं, वापर नाही. नवी वाट नेमकी तिथूनच जात होती, म्हणून ठरलं, कट्टा तोडायचा, पिंपळ ठेवायचा आणि त्याच्या बुंध्यावर खालून दिव्यांचा झोत सोडायचा. झाड वाचलं म्हणून ऑफिसात सगळे खूश. वर्षावास पावसाळ्यात असतो, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आई. पण पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं गं माहीत? मग वस्ती निघाली असती, मग लग्नाआधीचं आडनाव, मग समोरच्याची ती क्षणभर अडखळणारी नजर. या ऑफिसात मला कुणी कधी वावगं बोललेलं नाही, तशी वेळच मी येऊ दिलेली नाही. मी मान डोलावली आणि कट्ट्यावर फुली मारली.

मग रहिवाशांची बैठक झाली, शाळेच्या हॉलमध्ये. सोसायट्यांतली माणसं पुढे, आणि मागच्या रांगेत आपल्या वस्तीतल्या बायका. त्यांच्यात मावशी होती, आपल्या समोरच्या खोलीतली, वाचनाच्या वेळी तुझा चष्मा आठवणीनं घेऊन येणारी. आता तिलाच जाड भिंगाचा चष्मा आहे. ती उठून म्हणाली, "साहेब, कट्टा नका तोडू. पावसाळ्यात आम्ही वाचन करतो ना तिथं. इतकी वर्षं बसतोय."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "हे बघा, बाग सगळ्यांची आहे. तिथे धार्मिक काही नको." चौथ्या बागेत त्यांचं भजनी मंडळ दर शनिवारी बसतं आणि त्यासाठी आम्ही नकाशात छप्पर दाखवलं आहे, हे त्यांना आठवलं नाही. मला आठवलं. आमच्या साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पाहणीत काय आलंय?"

मी उभी राहिले आणि म्हणाले, "पाहणीत तिथे वापर आढळला नाही." एक शब्द खोटा नव्हता. मावशी माझ्याकडे बघत राहिली, आणि तिनं मला ओळखलं, हे मला कळलं. मग ती खाली बसली.

बाहेर चहाच्या टेबलापाशी ती माझ्याजवळ आली. माझा हात हातात घेतला. तेवढ्यात साहेब आले. "अरे, ओळख आहे का तुमची?" मी टेबलावरच्या कपांकडे बघू लागले. मावशीनं माझा हात सोडला. "नाही ओ. चेहरा कुणासारखा तरी वाटला," ती म्हणाली आणि चहा न घेताच निघून गेली. तिनं मला झाकलं गं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून जेवायला बसले की तोच सुटलेला हात दिसतो, आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नकाशा बदलला. वाट नाल्याच्या बाजूनं वळवली आणि कारण लिहिलं, खोदकामानं पिंपळाची मुळं दुखावतील. तेही खरंच आहे. साहेब म्हणाले, "झकास, हे आधी सुचायला हवं होतं." कट्टा राहिला. पण झाडासाठी राहिला. मागच्या रांगेतल्या बायकांसाठी वाट वळवा, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. वळवलेल्या वाटेचं कौतुक घेताना मी हसलेसुद्धा.

वर्षावास सुरू झाला आहे. मावशीला भेटायला जायचं ठरवते आणि ऑफिस सुटलं की सरळ घरी जाते. तुला लिहिणं सोपं, तू काही मावशीसारखी माझ्याकडे बघत राहणार नाहीस. हे पत्रही मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच लिहिते आहे. आत्ताच शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून विचारून गेली, "काय गं, एवढं काय लिहितेयस? डोळे का लाल?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, "काही नाही गं, बैठकीची टिपणं."