बसल्या बसल्या दुखणारा हात

माय,

तुझ्या पणतीच्या कॉलेजातून कागद आलाय. रविवारी मोबाईलवरच्या गेमची स्पर्धा आहे, चार पोरींची टीम. तिचा बाप दिवसभर पलसाण्याला मिलमध्ये, म्हणून पालकाची सही माझी. वर छापलंय ‘क्रीडा स्पर्धा’. मी म्हटलं, "हा कसला खेळ गं? धावणं नाही, घाम नाही, गादीवर बसून नुसती बोटं नाचवायची!" तर गुजराती मिसळत म्हणते, "आबा, कॅरमपण बसूनच खेळता ने तुम्ही? हरलात की जेवत नाही!" हसू आलं मला. पण तिनं उजवा हात ओढणीखाली घेतला, तो दिसला. मनगट सुजलंय. विचारलं तर, "चालशे आबा, काय नाय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बसल्या बसल्या कसलं दुखतं?"

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हेच मी तुला म्हटलं होतं. गोडादऱ्यातली आपली ती खोली. तू दाराच्या उजेडात साडी मांडीवर घेऊन टिकल्या चिकटवतेयस, एकेक टिकली ठेवताना श्वास धरतेयस. मी बारा तास लूमपुढं उभा राहून आलेलो. आम्हा उभं राहणाऱ्यांना बसून केलेलं काम कामच वाटायचं नाही. तू म्हणालीस, "मनी मान दुखस रे पोऱ्या." मी हात धुता धुता तेच बोललो. त्यानंतर तू कधी मानेचं नाव काढलं नाहीस. पुढं पुढं हाक मारली की अख्खी वळायचीस.

काल पोरीचा सराव बघत बसलो. तीही श्वास धरते. डाव संपला की कपाळ पुसते. घाम आहे, माय. याला खेळ म्हणावं तर अजून जोरानं खेळेल आणि हात घालवून बसेल, ही धास्ती. खेळ नाही म्हणावं तर दुखतंय हे तिनं सांगायचं कुणाला? कागदावर खाली ‘दुखापत असल्यास’ असा रकाना आहे. तिनं ‘नाही’ लिहिलंय. मी खरं लिहिलं तर तिला टीममधून काढतील.

सही अजून केलेली नाही. चहा ठेवलाय, ती आली की विचारणार आहे, कुठं दुखतं, कधीपासून. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. तुला विचारायचं राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगतो. राहून गेलं नव्हतं, माय. विचारलं असतं तर खाडा करून तुला दवाखान्यात न्यावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.